सादळू नये म्हणून: कोकणातल्या घरात शास्त्रीय संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह

मे महिन्याच्या अखेरीस कोकणातल्या घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या बेगमीची, तयारी चालू होते, आणि तांदूळ, कडधान्ये, सुके मासे, पापड, लाकूडफाटा अशी ठरलेली यादी एकेक करून हातावेगळी केली जाते. या यादीत ध्वनिमुद्रिकांचे आणि कॅसेटींचे नाव असायला हवे, हे मला संग्रहाच्या पहिल्याच वर्षी कळले. समुद्राकडच्या भिंतीतल्या फडताळात मी चाळीसेक कॅसेटी हौसेने लावून ठेवल्या होत्या. गणपतीत फडताळ उघडले तेव्हा कुबट वास आला, आणि कॅसेटींच्या खिडकीतून पाहिले तर गुंडाळलेल्या फितींच्या कडांवर पांढरी बुरशी धरलेली होती. जांभ्या दगडाची भिंत चार महिने पाणी पीत असते आणि पश्चिमेची भिंत सर्वांत जास्त पिते, हे ठाऊक असूनही मी त्याचा संबंध संगीताशी जोडला नव्हता. म्हणून पुढील मार्गदर्शन कोकणच्या वर्षाच्या क्रमाने लिहिले आहे. संग्रह करणे म्हणजे वस्तू मिळवणे, असे पुण्यामुंबईत वाटू शकते. इथे मात्र घरात येणारी प्रत्येक तबकडी चार महिन्यांचा पाऊस कसा काढणार, हे आधी ठरवावे लागते.

दिवाळीपर्यंत काहीही विकत घेऊ नये

नव्या संग्राहकाने पहिले सहा महिने केवळ ऐकावे. आकाशवाणीची ‘रागम्’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली आणि ती मोबाइलवरील ॲपमधूनही ऐकता येते. शाळेच्या साध्या वहीत रोज एका ध्वनिमुद्रणाची नोंद करावी: कलाकार, राग, विलंबित (संथ लयीचा भाग) कोणत्या तालात, द्रुत (जलद भाग) कोणत्या, साथीला कोण, आणि आपल्याला काय आवडले किंवा कंटाळवाणे वाटले. माझा अनुभव असा, की एकाच गायकाचे वीस राग ऐकण्यापेक्षा एकच राग पाचसात गायकांकडून ऐकला की कान लवकर तयार होतो. यमन किंवा भूप घेऊन महिनाभर त्याच्याच मागे राहावे. किराणा घराण्याचा गायक एकेका स्वरावर किती वेळ थांबतो आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायिका लयीला धरून कशी पुढे जाते, हे पुस्तक वाचून कळत नाही, पण महिनाभरात कानाला आपोआप कळू लागते.

याच काळात माध्यमांची ओळख करून घ्यावी, कारण माध्यमाने गाण्याचा आकार ठरवलेला आहे. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत असत. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या शेवटी कलाकार स्वतःचे नाव मोठ्याने सांगतो, कारण तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कामगारांना लेबल कोणाचे लावायचे हे कळणे आवश्यक होते. त्या तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना, सारे बसवणे हे वेगळेच कसब आहे, आणि त्याकडे मैफलीतल्या तासाभराच्या ख्यालाची काटछाट म्हणून पाहू नये. गोव्यातील केरी या गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही अशीच सुमारे साडेतीन मिनिटांची तबकडी, आणि १९७७ मध्ये अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत भारतातून तीच निवडली गेली. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली आणि विलंबित ख्यालाला थोडी तरी ऐसपैस जागा झाली. कॅसेटीने मैफल घरात आणली, हे तिचे खरे मोठेपण. तिच्या आवाजाच्या दर्जाबद्दल मात्र फारसे बोलण्यासारखे नाही.

एक गोष्ट मनाशी पक्की असावी: काही आवाज कोणत्याच माध्यमात नाहीत. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत हयात असूनही त्यांचे गाणे तबकडीवर उतरलेले नाही, आणि ते शिष्यांच्या गळ्यातूनच ऐकावे लागते. तेव्हा कोणी त्यांची ‘दुर्मिळ रेकॉर्ड’ म्हणून काही विकू लागला, तर चहा पिऊन उठावे.

तबकडी घेताना

दिवाळीनंतर हवा कोरडी पडते आणि खरेदीला हाच काळ बरा, कारण नव्याने आलेल्या वस्तूची ओल आणि बुरशी घरच्या संग्रहाला लागण्याआधी आपल्याला सहा-सात महिने मिळतात. मुंबईच्या चोरबाजारात फेरी मारण्याआधी आपल्याच नातेवाइकांचे माळे पाहावेत. कोकणातल्या जुन्या घरांत बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव यांच्या नाट्यपदांच्या तबकड्या पेटाऱ्यात पडून असतात आणि घरच्यांना त्यांचे ओझेच झालेले असते. मागताना मात्र त्या वाजवून त्यांची प्रत घरच्यांना देण्याचे वचन द्यावे आणि ते पाळावे. मला सर्वांत चांगल्या तबकड्या या वचनावरच मिळाल्या आहेत.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेत दगडाची भुकटी मिसळून केलेल्या असतात, म्हणून त्या जड आणि ठिसूळ असतात, तर एलपी विनाइलची आणि लवचिक असते. लाखेची तबकडी उजेडात तिरपी धरून पाहावी. खाचा काळ्या आणि चमकदार असतील तर ती कमी वाजलेली आहे. करड्या पडल्या असतील तर पोलादी पिनेने त्या खाल्लेल्या आहेत आणि कितीही धुतले तरी खरखर जाणार नाही. कडेपासून आत गेलेली चीर नखाला लागते. एलपी डोळ्यांच्या रेषेत आडवी धरावी म्हणजे ती वाकलेली आहे का ते दिसते, आणि जो ओरखडा नखाला लागतो तो सुईलाही लागणारच. लेबलाभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला किंवा उमटवलेला क्रमांक वहीत उतरवून घ्यावा. एकाच ध्वनिमुद्रणाची तबकडी वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या लेबलांखाली निघत असे, आणि आपल्याकडे आधीच असलेले गाणे पुन्हा घेण्याची चूक या क्रमांकामुळे टळते.

वाजवण्याचे यंत्र घेताना सुईवर पैसे खर्च करावेत, लाकडी पेटीच्या नक्षीवर करू नयेत. ७८ च्या तबकडीची खाच रुंद असते आणि तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, तर एलपीला तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. चावीचा ग्रामोफोन दिसायला देखणा असतो, परंतु त्याच्या ध्वनिपेटीचा भार शंभर ग्रॅमहून अधिक पडतो, तर चांगल्या टर्नटेबलचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या यंत्राचा, दीड ते अडीच ग्रॅम. म्हणून चावीच्या यंत्रावर केवळ झिजलेल्या किंवा आपल्याकडे दोन प्रती असलेल्या तबकड्याच वाजवाव्यात, आणि तेव्हाही प्रत्येक बाजूला नवी पिन लावावी.

हिवाळ्यातली धुलाई

लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण कधीही लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. विनाइलवर चालणारी बाटली सवयीने लाखेवर वापरली, की तबकडी त्याच क्षणी गेली असे समजावे. आपल्या विहिरीचे पाणीही नको. त्यातील क्षार सुकल्यावर खाचेतच बसतात. गाडीच्या बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये मिळते ते घ्यावे, मात्र बाटलीवर आम्ल लिहिलेले नाही ना, हे वाचून घ्यावे.

आधी कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी. अर्ध्या लिटर पाण्यात भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. मऊ कापड त्यात बुडवून, घट्ट पिळून, खाचांच्या दिशेने गोल फिरवावे, आडवे कधीही फिरवू नये. लेबलावर पाण्याचा थेंब पडू देऊ नये, कारण लेबल गेले की तबकडीची ओळख गेली. नंतर साध्या शुद्ध पाण्याच्या कापडाने साबण काढून घ्यावा आणि तबकड्या सावलीत, पंख्याच्या हलक्या वाऱ्यात उभ्या ठेवाव्यात. स्वयंपाकघरातले जुने ताटाळे या कामाला इतके नेमके बसते, की जणू त्यासाठीच केले असावे. आपल्याकडे प्रत्येक सादळलेल्या वस्तूला ऊन दाखवण्याची रीत आहे. ती इथे मोडावी लागते. अंगणातल्या उन्हात तासभर ठेवलेली एलपी द्रोणासारखी वळते आणि पुन्हा सरळ होत नाही.

उन्हाळ्यात प्रत काढणे

जानेवारी ते मे हा काळ ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवण्यासाठी राखून ठेवावा. वळिवाच्या दिवसांत मात्र गडगडाट सुरू होताच टर्नटेबल, संगणक आणि इंटरनेटची तार या सर्वांचे प्लग काढून ठेवावेत. बटण बंद करणे पुरेसे नाही. सुई जिच्यात बसवलेली असते त्या चुंबकीय कार्ट्रिजचा आवाज फार क्षीण असतो आणि एलपी कापताना तिचे खर्ज दाबून वरचे स्वर उचललेले असतात, म्हणून टर्नटेबल आणि संगणक यांच्यामध्ये फोनो प्रीअँप्लिफायर लागतो, जो हा समतोल पूर्ववत करतो. सतत घूं असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची तार बहुधा जोडायची राहिलेली असते.

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घरगुती कामाला पुरते. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण केले तर एका तासाला सुमारे २ जीबी जागा लागते, आणि ४८ किलोहर्ट्झवर तिच्या निम्मी. घरच्या संग्रहासाठी मी ४८ पुरेसे मानतो, कारण जुन्या तबकडीत त्यापलीकडे काही नाही. आवाजाचा सर्वोच्च बिंदू उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. तिहाईनंतर (तीनदा घेतलेल्या तुकड्यानंतर) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जोरात पडते किंवा गायक तार षड्जावर पोचतो, तेव्हा आवाज फाटण्याचा धोका असतो. मूळ प्रत जशी उतरली तशीच फ्लॅक स्वरूपात जपून ठेवावी, म्हणजे दर्जा न गमावता जागा जवळजवळ निम्मी होते, आणि खरखर काढण्याचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. हे प्रयोग हात राखून करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. खरखर पूर्ण घालवण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, आणि गायकाचा श्वास दोन्ही पुसले जातात, आणि उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज.

जुन्या तबकड्यांचा वेग हा स्वतंत्र आणि फार गोड विषय आहे. लेबलावर ७८ लिहिले असले तरी सुरुवातीच्या काळात मुद्रणाचा वेग नेमका तेवढा नसे. ७८ ऐवजी सुमारे ८३ फेऱ्यांनी तबकडी फिरली तर पट्टी अर्ध्या स्वराने चढते, लय वाढते आणि गायकाचा भारदस्त आवाज पोरकट वाटू लागतो. घरात हार्मोनियम असेल तर षड्ज जुळवून पाहावा. त्या गायकाच्या इतर ध्वनिमुद्रणांतील पट्टी (षड्जाची पेटीवरची जागा) काळी १ असेल आणि हीच तबकडी काळी २ च्या आसपास वाजत असेल, तर शंका घ्यावी आणि वेग कमी करून ऐकावे. साथीची पेटी ऐकू येत असेल तर काम आणखी सोपे होते. केवळ कानावर विसंबून मी एक तबकडी तीनदा उतरवली आहे, आणि तिसऱ्या वेळी आवाजाला जे वजन आले त्याने सारे श्रम भरून निघाले.

कॅसेटीच्या बाबतीत आधी मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे कान मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. १२० मिनिटांच्या कॅसेटीची फीत फार पातळ असते आणि ती ताणली जाते किंवा अडकते, म्हणून तिचा क्रम पहिला लावावा. आवाज दबका येत असेल तर डेकच्या (कॅसेट वाजवण्याच्या यंत्राच्या) हेडजवळचा, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाजवळचा, छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून हेडचा कोन जुळवता येतो. ऐकत ऐकत फिरवावा आणि तानपुऱ्याची वरची झणझण सर्वांत स्पष्ट झाली की थांबावे. बाजारातून घेतलेल्या सीडी टिकाऊ असतात, पण घरी लिहिलेल्या सीडींचा आपल्या हवेत भरवसा नाही, म्हणून त्या पहिल्या सवडीला संगणकावर घ्याव्यात.

नाव देण्याची शिस्त पहिल्या फाइलीपासून असावी. ‘ट्रॅक ०१’ हे नाव म्हणजे बिनलेबलाचा डबा. मी कलाकार, राग, बंदिशीचा मुखडा, ताल, मूळ माध्यम आणि त्याचा क्रमांक या क्रमाने लिहितो. रागाचे नाव नेहमी एकाच प्रकारे लिहावे, नाहीतर मालकंस आणि मालकौंस हे दोन वेगळे राग होऊन बसतात. राग ओळखता आला नाही तर अंदाजाने भरू नये. ती जागा रिकामी ठेवून जाणकाराला विचारावे. साथीदारांची नावे लिहायला लोक विसरतात, आणि तबलजीचे नाव दहा वर्षांनी शोधायला निघाले की कोणालाच आठवत नाही. प्रकाशित ध्वनिमुद्रणाचे हक्क भारतीय कायद्याने प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे चालतात. खाजगी मैफलीचे मुद्रण प्रकाशितच झालेले नसते, म्हणून हा हिशेब त्याला तसाच लावता येत नाही. असे मुद्रण विश्वासाने मिळाले असेल तर ते घरातच राहू द्यावे.

आगोट

मेच्या तिसऱ्या आठवड्यात, हवा अजून कोरडी असताना, सर्व काही बंद करावे. रबराची कड असलेले, झाकण घट्ट बसणारे पारदर्शक प्लास्टिकचे डबे घ्यावेत आणि प्रत्येकात एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. बाहेरची आर्द्रता जुलैत नव्वदच्या घरात जाते आणि बुरशी साधारण ६५ ते ७० टक्क्यांच्या वर फोफावते, म्हणून डब्यात ४५ ते ५५ राहिली की निश्चिंत असावे. ती खाली ठेवण्याचे काम सिलिका जेल करते. निळे मणी गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात, परंतु निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असल्याने स्वयंपाकाची कढई त्यासाठी कदापि वापरू नये. नारिंगी मणी मिळाले तर तेच घ्यावेत, आणि तेही निराळ्या भांड्यात तापवावेत. डांबराच्या गोळ्या टाळाव्यात.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, थप्पीत नव्हेत. लाखेच्या तबकड्या एकमेकींच्या भाराने तडकतात. एलपीची कागदी पिशवी ओल धरून ठेवते आणि मऊ पीव्हीसीची पिशवी चिकटून पृष्ठभागावर धुके धरते, म्हणून आतली पिशवी पॉलिथिनची असावी. डबे बाहेरच्या भिंतीला टेकवू नयेत. माजघराची आतली भिंत उत्तम, आणि जमिनीपासून हातभर वर ठेवलेले बरे, म्हणजे वाळवीलाही सहज वाट मिळत नाही. नदीकाठच्या गावांत मात्र हातभर पुरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा कित्येक घरांचे तळमजले बुडाले होते. तिथे वरच्या मजल्याशिवाय पर्याय नाही.

याच कारणाने फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक घरातल्या बाह्य हार्ड डिस्कवर आणि एक गावाबाहेर. कोकणात यासाठी आयती सोय आहे. गणपतीला घरी येणारा मुंबईचा भाऊ किंवा पुतण्या परत जाताना नारळ-तांदळाबरोबर डिस्क नेतो आणि पुढच्या वर्षी जुनी घेऊन येतो. आमच्याकडे ही अदलाबदल आरतीच्या वेळापत्रकाइतकीच ठरून गेलेली आहे.

पावसात ऐकणे

पत्र्यावर किंवा कौलांवर पाऊस कोसळत असताना स्पीकरचा आवाज वाढवण्यात अर्थ नाही. त्या वेळी चांगले हेडफोन वापरावेत आणि बारकाव्यांचे ऐकणे तेव्हाच उरकावे. उघडीप मिळाली की दोन स्पीकर आणि आपली जागा यांचा साधारण समभुज त्रिकोण करून, स्पीकर भिंतीपासून दीड-दोन हात पुढे घेऊन बसावे. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ते असावेत. मैफलीत गायक समोर बसलेला जितका ऐकू येतो त्याहून मोठा आवाज ठेवू नये: तानपुरा स्पष्ट ऐकू येतो पण त्याच्याकडे लक्ष जात नाही, ही माझी खूण आहे. जड खर्जाचे मोठे स्पीकर ख्यालासाठी अनावश्यक आहेत. अमीर खाँचा खर्ज लहान स्पीकरमधूनही पोचतो.

चार महिने डबे उघडायचे नसतात, म्हणून हा काळ उन्हाळ्यात काढलेल्या प्रती ऐकण्याचा आणि वहीतल्या रिकाम्या जागा भरण्याचा. मल्हाराचे प्रकार एकापाठोपाठ ऐकायला याहून योग्य दिवस मिळणार नाहीत. वीज गेली तर लॅपटॉप दोन-तीन तास चालतो, आणि एका विलंबित ख्यालाला तेवढे पुष्कळ झाले.

ऑक्टोबरची कडक उन्हे पडून आठ-दहा दिवस झाले की डबे उघडावेत, एका वेळी एकच. नाक हे पहिले साधन: कुबट वास आला तर तो डबा घराबाहेर पडवीत नेऊन तिथेच तपासावा. बुरशी धरलेली तबकडी वर सांगितल्याप्रमाणे धुता येते. बुरशी धरलेली कॅसेट मात्र चांगल्या डेकमध्ये कधीही घालू नये, कारण हेडवरून तिची कणी पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. ती वेगळ्या पिशवीत सिलिका जेलसह दोन आठवडे ठेवून पूर्ण कोरडी करावी, मग तोंडाला रुमाल बांधून, बाहेर, मऊ ब्रशने कडा झाडाव्यात आणि केवळ याच कामासाठी ठेवलेल्या एखाद्या जुन्या डेकवर एकदाच वाजवून तिची प्रत काढून घ्यावी. माझ्या त्या पहिल्या चाळीसांपैकी एकोणीस कॅसेटी अशा रीतीने वाचल्या.